आजी विसरते: स्मृतिभ्रंश की नैराश्य?



मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका वस्तीत रक्तदाब तपासायला गेले होते. एका घरी मुलाने दारातच सांगितलं, "ताई, मायचं बीपी पाहा, पण तिले काही इचारू नका. तिचं डोस्कं गेलं आता. साठी बुद्धी नाठी." आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर हाडंच राहिली होती. मी विचारलं, "आजी, आज कोणता वार?" त्या म्हणाल्या, "मले नाई मालूम." नातवाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "कायले इचारता बाई, मले काहीच समजत नाई." दोन प्रश्नांत कोणालाही वाटावं, की यांना विसरण्याचा आजार झाला.

मग मी सुनेला विचारलं, "हे कधीपासून?" ती लगेच म्हणाली, "भीमजयंतीच्या आठ दिवस आधी मामंजी गेले. त्याच्या पुढच्या महिन्यापासून." त्याआधी? त्याआधी याच आजी दर पौर्णिमेला विहारात सर्वांच्या पुढे बसून वंदना घ्यायच्या, बचत गटाचा हिशोब तोंडी सांगायच्या. आता पहाटे तीनला उठून बसतात, अर्धी भाकर खातात, विहारात चला म्हटलं की "मी आता कशाच्याच कामाची नाही" म्हणतात.

सुनेच्या त्या एका उत्तराने प्रश्नच बदलला. आजींना स्मृतिभ्रंश नव्हता, तीव्र नैराश्य होतं. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया, नैराश्य म्हणजे डिप्रेशन. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण नैराश्य औषधोपचाराने बरं होऊ शकतं. म्हणून हा फरक प्रत्येक घराला माहीत असायला हवा.

मी स्वतः केलेली चूक

मी हा लेख का लिहिते, तेही सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी वॉर्डात नर्स होते. अशक्तपणासाठी एक बाबा भरती झाले. मुलगा म्हणाला, "ते विसरतात, बोलत नाहीत." मीही कागदावर वयामुळे गोंधळलेले असं लिहून मोकळी झाले. एके दिवशी पहाटे चार वाजता सलाईन बदलताना ते जागेच होते. म्हणाले, "बाई, माहा जीव जड झाला." मी म्हणाले, "झोपा बाबा, सकाळी बरं वाटेल." चार दिवसांनी टॉनिक देऊन त्यांना घरी पाठवलं. महिन्याच्या आत गावाकडून निरोप आला, की बाबांनी आपला जीव संपवला.

त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं, पण आजार म्हणून ऐकलं नाही. शिकलेली नर्स चुकते, तर घरच्यांना दोष कसा देणार? मात्र माहिती झाल्यावर तीच चूक पुन्हा होऊ नये.

दोन आजार म्हणजे नेमकं काय

स्मृतिभ्रंशात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली तो पहिल्यांदा मांडला, म्हणून हे नाव. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होतो. वर्षानुवर्षं अंगावर काढलेला बीपी, मधुमेह आणि तंबाखू-विडी यांचा त्यात मोठा वाटा असतो. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांपैकी साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. पण हाच आकडा उलटा वाचा: शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तो नाही. म्हणून म्हातारपण म्हणजे बुद्धी जाणं, हे खरं नाही.

नैराश्य हा मनाचा आणि शरीराचाही आजार आहे. त्यात झोप, भूक, ताकद, लक्ष, विचारांचा वेग सगळंच मंदावतं. लक्षच लागत नसेल तर गोष्ट डोक्यात शिरत नाही, आणि शिरलीच नाही तर आठवणार कुठून? त्यामुळे नैराश्यातला म्हातारा माणूस विसरभोळा दिसतो. लेस्ली किलोह या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ साली अशा रुग्णांवर लेख लिहिला. वरून स्मृतिभ्रंश वाटणारी, पण मुळात दुसराच आजार असलेली ही माणसं होती, आणि तो दुसरा आजार अनेकदा नैराश्य होता. अशा अवस्थेला त्याने आभासी स्मृतिभ्रंश म्हटलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. म्हातारपणातलं नैराश्य रडतंच असं नाही. "मला दुःख आहे" असं आपली माणसं म्हणत नाहीत. ती म्हणतात, "अंग दुखते, पोटात गोळा येते, डोकं जड आहे, जेवण जात नाही." उभं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला मनाचं दुखणं सांगायची सवयच कोणी लावलेली नसते.

घरी फरक कसा ओळखायचा

निदान डॉक्टरच करणार. पण डॉक्टरला दहा मिनिटं मिळतात, तुम्ही चोवीस तास पाहता. म्हणून पुढच्या गोष्टी नीट पाहा आणि तपासणीच्या वेळी सांगा.

१. सुरुवात कधी झाली? नैराश्यात घरचे बहुधा महिना सांगू शकतात: नवरा गेला तेव्हापासून, मुलगा पुण्याला गेला तेव्हापासून, पाय मोडून घरी बसले तेव्हापासून. काही आठवड्यांत, महिन्यांत माणूस बदलतो. स्मृतिभ्रंशात नेमकी तारीख सांगता येत नाही. "दोन-तीन वर्षांपासून थोडं थोडं" असंच उत्तर येतं.

२. तक्रार कोण करतं? "माझ्या डोक्यात काही राहत नाही, मी संपले," असं आजी स्वतः सारखं सांगत असतील तर नैराश्याचा विचार करा. स्मृतिभ्रंशात तक्रार बहुधा घरचे करतात. रुग्ण म्हणतो, "मला काही झालं नाही."

३. उत्तर कसं देतात? नैराश्यात माणूस प्रयत्नच करत नाही. "माहीत नाही, सोडा ना." थोडा वेळ दिला, धीर दिला, तर बरोबर उत्तर येतंही. स्मृतिभ्रंशात माणूस उत्तर देतो, पण चुकीचं. सकाळी काय खाल्लं विचारलं तर "पुरणपोळी" सांगतो, आणि घरात आठवडाभर पुरण शिजलेलंच नसतं. किंवा हसून विषय बदलतो.

४. काय विसरतात? स्मृतिभ्रंशात आधी ताजं जातं, जुनं टिकतं. एखादे आजोबा लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेल्याचं सविस्तर सांगतील, पण आत्ता जेवलो हे विसरून पुन्हा ताट मागतील. नैराश्यात जुनं आणि नवं दोन्ही सारखंच धूसर वाटतं. कधी आठवतं, कधी नाही.

५. हातातलं काम जमतं का? नैराश्यात आजी चहा करत नाहीत, कारण इच्छा नाही. पण करायला बसल्याच तर चहा चहासारखाच होतो. स्मृतिभ्रंशात त्या उत्साहाने उठतात आणि साखरेऐवजी मीठ टाकतात, गॅस सुरू ठेवून निघून जातात, लुगडं नेसताना अडकतात. रोजच्या रस्त्यावर वाट चुकतात. ओळखीच्या वस्तूचं नाव सापडत नाही, मग म्हणतात, "ते... पाणी प्यायचं ते..."

६. दोष कोणाला देतात? नैराश्यातला माणूस बहुधा स्वतःला दोष देतो: "माझ्यामुळे घर बुडालं, मी तुम्हाला ओझं." कधी घरात दाणे असूनही "आता खायला काही उरलं नाही" हे त्याच्या मनात घट्ट बसतं. स्मृतिभ्रंशात माणूस वस्तू कुठे ठेवली ते विसरतो आणि इतरांवर आळ घेतो: "सुनेनं माझे पैसे चोरले." या एका वाक्याने किती घरं फुटली आहेत! सूनबाई, तो आळ सासूचा नसतो, आजाराचा असतो.

७. दिवसाचा कोणता वेळ वाईट? तीव्र नैराश्यात पहाटे लवकर जाग येते आणि सकाळ सर्वांत जड जाते. स्मृतिभ्रंशात बऱ्याच जणांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. स्वतःच्याच घरात बसून म्हणतात, "चला, मला घरी जायचं आहे."

८. आनंद होतो का? नातू मांडीवर बसला, आवडतं भीमगीत लागलं, तरी चेहरा हलत नसेल तर नैराश्याची शक्यता वाढते. स्मृतिभ्रंशात, निदान सुरुवातीला, माणूस अशा वेळी खुलतो.

यातल्या एका खुणेवरून काही ठरवू नका. चार-पाच खुणा एका बाजूला झुकतात का, ते पाहा.

तिसरा आजार विसरू नका: अचानक आलेला भ्रम

काल चांगला बोलणारा माणूस आज बरळतो, माणसं ओळखत नाही, भिंतीवर काहीतरी दिसतं म्हणतो, मध्येच झोपाळतो, मध्येच उठून पळतो. तास-दोन तासांत किंवा दोन-चार दिवसांत असं झालं, तर हे नैराश्यही नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. हा अचानक आलेला भ्रम आहे. त्यामागे लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर एकदम उतरणं, लघवी तुंबणं, पडून डोक्याला मार लागणं किंवा एखादं औषध असू शकतं. यात जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, १०८ला फोन करा. "बाहेरचं झालं" म्हणून गंडा-दोऱ्यात एक रात्रही घालवू नका.

डोक्याला मार लागला असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. म्हाताऱ्या माणसात मेंदूबाहेर रक्त हळूहळू साचतं, आणि पडल्यानंतर काही आठवड्यांनी गोंधळ सुरू होतो. महिनाभरापूर्वी न्हाणीत पाय घसरला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

विसरण्याची इतर कारणं

थायरॉईड कमी असणं, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणं, दारू, झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, यांनीही डोकं मंद होतं. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवाल्याने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्या. कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकूच येत नाही त्याला आपण "समजत नाही" म्हणतो. मोतीबिंदूने माणूस ओळखू येत नाही त्याला "ओळख विसरला" म्हणतो.

शाळेच्या प्रश्नांनी आपल्या म्हाताऱ्यांची परीक्षा घेऊ नका

स्मरणशक्तीच्या जुन्या चाचण्या शिकलेल्या माणसांसाठी बनल्या आहेत. शंभरातून सात वजा करत जा, वाक्य लिहा, आकृती काढा, तारीख सांगा. ज्या पिढीला शाळेच्या दारात उभं केलं नाही, तिला या प्रश्नांत नापास करून "बुद्धी गेली" म्हणणं हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. ही अडचण ओळखून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात न शिकलेल्या ज्येष्ठांसाठी हिंदीत वेगळी प्रश्नावली तयार केली गेली.

तुमच्या माणसाला शाळा झालेली नसेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा. आणि घरी त्यांच्या आयुष्यातले प्रश्न विचारा: निराधारचे पैसे महिन्याला किती येतात? पाच माणसांच्या भाकरीला किती पीठ लागतं? सध्या शेतात काय उभं आहे? वाशिमला जायची गाडी कुठून मिळते? पूर्वी हे येत होतं आणि आता येत नाही, हीच खरी खूण. तुलना माणसाच्या कालच्या स्वतःशी करायची, शेजारच्या मास्तरांशी नाही.

दोन्ही एकत्र असू शकतात

कधी स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाच नैराश्य येतं. कधी म्हातारपणी पहिल्यांदा आलेलं नैराश्य हे पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची आगाऊ खूण असते. म्हणून नैराश्य बरं झाल्यावरही सहा महिन्यांनी, वर्षाने स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यावी. शंका असली तरी नैराश्याचा उपचार टाळायचा नाही. मनाचा भार उतरला की उरलेला विसर किती आणि कशाचा, हे स्पष्ट दिसतं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- "मी गेलेलं बरं", "तुमची सुटका होईल" असं बोलणं
- खाणं-पिणं जवळपास बंद होणं
- दागिने, कागदपत्रं अचानक वाटून देणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं
- दिवसभर एकाच जागी, न बोलता बसून राहणं

अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका. शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. आणि सरळ विचारा, "बाबा, जीव द्यावा असं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. पोलीस केसच्या भीतीनेही कोणी लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ असं मानतो, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता. त्याला शिक्षा न करता उपचार देण्यावर या कायद्याचा भर आहे.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यात वाशिम होता. आपण तरुण कर्त्या माणसांची मोजदाद केली. त्यांच्या मागे राहिलेल्या आई-वडिलांच्या मनाकडे कोणी पाहिलं?

कुठे जायचं, काय होईल

आधी आशाताईला सांगा, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून चिठ्ठी घेऊन वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग विचारा. जाण्याआधी बसण्याचा वार कळून घ्या, म्हणजे हेलपाटा होणार नाही. गरज पडल्यास पुढे अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. आधार कार्ड सोबत ठेवा.

घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. हा २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. म्हाताऱ्यांना घरात त्रास होत असेल, मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७.

नैराश्याच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नाहीत. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसात कधी दोन महिनेही. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करू नका. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. गोळ्या सुरू झाल्यावर गोंधळ वाढला, चक्कर आली, तोल गेला तर लगेच परत दाखवा, कारण काही गोळ्यांनी सोडियम उतरतं. खाणंपिणंच सुटलेल्या माणसाला डॉक्टर विजेचा उपचार सुचवू शकतात. सिनेमातला शॉक डोक्यातून काढा. आता तो भूल देऊनच करावा लागतो, तसा कायदाच आहे, आणि म्हाताऱ्यांच्या तीव्र नैराश्यात त्याचा गुण चांगला येतो.

स्मृतिभ्रंश निघाला तर तो पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ मदत होते. पण बीपी-साखर आटोक्यात ठेवणं, कानाचं यंत्र, ठरलेली दिनचर्या, उजेड, गळ्यात नाव आणि फोन नंबरचं कार्ड, आणि सांभाळणाऱ्या सुनेला-मुलीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी, यांनी पुढची वर्षं बरीच सुसह्य होतात.

घर आणि वस्ती काय करू शकते

"हिंमत ठेवा", "देवपण आलं आता", "नाटक करते बुढी" यातलं काहीच कामाचं नाही. कामाचं हे आहे: शेजारी बसून जेवा. सकाळी उन्हात दहा पावलं चालवा. छोटं काम द्या, लसूण सोलायला, नातवाला गोष्ट सांगायला. विहारात कोणी म्हातारं माणूस दोन पौर्णिमा दिसलं नाही तर तिसरीची वाट न पाहता त्यांच्या घरी जा. महिला मंडळाने वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांची यादी करावी, कोण एकटं राहतं, कोणाचा जोडीदार नुकताच गेला, कोणाची मुलं बाहेरगावी, आणि दर आठवड्याला एकीने एका घरी जाऊन यावं. एवढ्याला पैसा लागत नाही.

त्या मंगरूळपीरच्या आजींचं काय झालं, ते सांगून थांबते. रक्त कमी होतं, बी-१२ कमी होतं, आणि नैराश्य होतं. तिन्हींचे उपचार झाले. पहिला महिना काहीच फरक दिसला नाही, मुलगा गोळ्या बंद करायच्या तयारीत होता. सुनेने होऊ दिलं नाही. सहाव्या आठवड्यात आजींनी स्वतःहून भाकर मागितली. माघ पौर्णिमेला मी विहारात गेले तेव्हा त्या पुढे बसून वंदना घेत होत्या. एका ठिकाणी अडखळल्या, थांबल्या, आणि पुढचं बरोबर म्हणाल्या.

सगळ्याच घरी असं होईल, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरी कोणी "मले काही समजत नाई" म्हणत असेल, तर "वय झालं" म्हणण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: हे कधीपासून?